व्हॅनच्या झोकांड्या

"अण्णा, बिघाड गाडीत निघाला तर ठीक. नाहीतर सोमवारपासून तुमचं चालवणं बंद," शैला बापाला म्हणाली. अण्णांची शाळेची जुनी व्हॅन रस्त्याने झोकांड्या खात जाई. दिवसभर तिला सावरून संध्याकाळी अण्णांचे दंड भरून येत, आणि मुलांच्या आया मात्र अण्णांच्या वयाबद्दल हळू आवाजात बोलू लागल्या होत्या.

इकबाल मिस्त्री व्हॅनखाली सरपटला. "काका, स्टिअरिंग हलवा." अण्णांनी थकल्या हातांनी हलवलं. स्टिअरिंग पाव वळसा फिरलं तरी टायर आपले ढिम्म.

"स्टिअरिंग चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडचे जोड पार झिजलेत," खालून आवाज आला. "ही चालवत होता कशी?"

"ऐकलंस?" निर्दोष सुटलेल्या आरोपीच्या थाटात अण्णा लेकीला म्हणाले.

नवे जोड बसले. शैलाला शेजारी आणि इकबालला मागे बसवून अण्णांनी मोकळ्या मैदानावर व्हॅन काढली, आणि ती पुन्हा डावी-उजवीकडे डुलायला लागली. अण्णांनी स्टिअरिंग आणखी घट्ट आवळलं.

"काका, गाडी सरळ आहे, तुम्हीच उगाच सावरताय!" इकबाल मागून ओरडला. "हात सैल सोडा!"

अण्णांनी हात उचललेच. व्हॅन मुकाट सरळ निघाली. इतकी वर्षं हिला आपणच सांभाळतोय असं समजणाऱ्या माणसाला ते जरा लागलंच.

"जा हो सोमवारी," शैला हसत म्हणाली.

"जातो की," अण्णा हिरमुसून म्हणाले. "पण आता गाडीत बसून मी करायचं काय?"