पादशहाची भूक

“भाऊ धडासकट परत हवा की धडाशिवाय, एवढंच सांग,” छावणीतल्या आपल्या तंबूत बसलेला सरदार दुराक पाशा म्हणाला आणि त्याने डाळिंबाचे चार दाणे तोंडात टाकले.

बाली आगाच्या पायाखालची जमीन सरकली. पादशहाच्या अन्नातला पहिला घास तो सव्वीस वर्षं चाखत आला होता. आज पाशाने विषाची पुडी त्याच्याच तळहातावर ठेवली होती.

“रिद्वान पादशहांच्या आतल्या तंबूत आहे,” बाली म्हणाला. “मुख्य वजिरांनीच सांगितलं.”

“असं? मग हे काय?” पाशाने वस्तऱ्याची पेटी पुढे सरकवली.

बालीने पेटी ओळखली. रिद्वान पादशहाचा न्हावी. ही पेटी घेतल्याशिवाय तो शेजारच्या तंबूतही जात नसे. वीस दिवसांपूर्वी पादशहाचं दुखणं वाढलं, वजिरांनी आतली ये-जा बंद केली, आणि तेव्हापासून रिद्वान कुणाला दिसला नव्हता.

“आज दुपारचं ताट,” पाशा म्हणाला. “संध्याकाळी भाऊ तुझ्याजवळ.”

बोस्नियातल्या खेड्यातून पादशहाच्या चाकरीसाठी पोरं गोळा केली, तेव्हा बाली बारा वर्षांचा होता आणि रिद्वान आठ. इस्तंबूलपर्यंत रिद्वानने भावाच्या अंगरख्याचं टोक सोडलं नव्हतं. पादशहावर बालीची निष्ठा होती, पण त्याचा जीव रिद्वानवर होता.

मुदपाकखान्यात आचारी हमझा उस्ता कढई उतरवत होता. “या आगा! आजारपण मानवलंय बरं का हुजुरांना! पूर्वी चार घास खाऊन ताट परत पाठवायचे. आता हाडंसुद्धा चोखून येतात!”

“तुझ्या हाताला चव आलीय,” बाली कसंबसं बोलला.

“तीस वर्षांनी? बोला बोला, गरिबाची थट्टा करा!”

कोकराच्या मांसाचा पुलाव वाढला गेला. पहारेकऱ्यांसमोर बालीने चमचाभर खाल्ला आणि रिवाजाप्रमाणे शंभर श्वास थांबला. मग ताटावर झाकण ठेवून, फडक्यात बांधून, गाठीवर मेणाचा ठसा उठवायचा, हे काम एकट्या त्याचं. झाकण ठेवताना पुडी रिकामी झाली. ठसा थोडा वाकडा उमटला.

ताट आत जायच्या आधी, रोजच्यासारखा तंबूचा पडदा वर गेला. लांबवर पादशहाची उंच पगडी आणि पांढरी दाढी दिसली. सैन्यापुढे एक हात उंचावला. हजारो गळ्यांतून जयजयकार उठला. बालीला मान वर करवेना. पडदा पडला आणि ताट आत गेलं.

तो तडक पाशाकडे गेला. “झालं. रिद्वानला सोडा.”

“आधी खबर तर येऊ दे. घाई कसली?”

खबरीऐवजी बालीलाच बोलावणं आलं. मुख्य वजिरांचे दोन मुके पहारेकरी त्याला न्यायला आले. आपला गळा आवळणार, हे त्याने ओळखलं. निदान रिद्वान तरी सुटेल, या विचाराने त्याला धीर आला आणि तो मुकाट्याने निघाला.

आतल्या तंबूत कापराचा वास इतका दाटला होता की डोळे चुरचुरले. वजिरांचा चेहरा पांढराफटक होता. पलंगावर शाही पोशाखातलं कुणीतरी कनातीकडे तोंड करून पडलं होतं.

“ओरडू नकोस,” वजीर हलक्या आवाजात म्हणाले. “पादशहा जाऊन वीस दिवस झाले. शहजादे पोचेपर्यंत सैन्याला कळलं असतं, तर छावणीत कत्तल झाली असती. म्हणून त्यांच्याच अंगलोटीच्या माणसाला पगडी चढवली, पांढरी दाढी लावली. पडद्यात हात तोच उंचावायचा, आणि ताटही तोच संपवायचा.”

बाली पलंगाकडे वळला.

“पहिल्या दिवशी ताटाला शिवायलाही घाबरत होता बिचारा. मग तुझा ठसा बघितला आणि हसून म्हणाला, दादाने चाखलंय, आता भ्यायचं कशाला?”