अमावास्या सुटेपर्यंत

बुवाबाजीविरुद्ध गावोगाव सभा घेणाऱ्या पाचोडच्या आवडाबाईंचं पक्षानं दोनदा कौतुक केलं आणि दोन्ही वेळा जिल्हाध्यक्षपद दुसऱ्याला दिलं. तिसऱ्या वेळी अर्जाची मुदत नेमकी अमावास्येला पाचपर्यंत होती. औरंगाबादच्या कार्यालयाबाहेर प्रतिस्पर्धी व्यंकटराव मांडीवर नारळ धरून जीपमध्ये बसले होते. "बाई, अमावास्या सव्वापाचला सुटती. जरा दम धरा." "अण्णा, मुदत पाचला संपतीय." "आपल्या पक्षात कधी काही वेळेवर झालंय व्हय?" आवडाबाईंनाही ते पटलं, तरी त्या आत गेल्या. मुंबईहून आलेल्या निरीक्षकाला परतीची गाडी गाठायची होती. पाचच्या ठोक्याला त्याच्यापुढे एकुलता एक अर्ज होता. बाई बिनविरोध जिल्हाध्यक्ष झाल्या. सव्वापाचला व्यंकटराव उजवं पाऊल टाकत आत आले. "नारळ आणलाच हाय तर फोडा, अण्णा," बाई म्हणाल्या. अमावास्या सुटली होती. अण्णांना नाही म्हणायला निमित्तच उरलं नव्हतं.