तीन नंबरचं बटन
ग्रामपंचायतीतल्या गाण्याच्या मशीनला गावातल्या प्रत्येक भोंग्याचं एकेक बटन होतं. तिच्यावर चिकटवलेला सूचनांचा कागद फाटला होता. सरपंच चंद्रभानराव मला म्हणाले, "अक्षर चांगलं हाय तुझं. हाय तसं उतरून काढ." पाचवी सूचना होती: तीन नंबरचं बटन खराब आहे, दाबू नये. तीन नंबर म्हणजे आमच्या बौद्धवस्तीतला भोंगा, नामांतराच्या दंगलीपासून मुका. खात्री करावी म्हणून मी बटन दाबलं. सनईची टेप चालूच होती. नऊ वर्षं खराब असलेला भोंगा वस्तीत खणखणीत वाजला, पंचायतीपर्यंत ऐकू आला. "तुला कुणी दाबायला सांगितलं?" सरपंच उसळले. "गुमान लिव्ह म्हणलं ना!" मी लिहिलं: तीन नंबरचं बटन चांगलं आहे, बौद्धवस्तीत गाणं ऐकू जाऊ नये म्हणून दाबू नये. कागद फिरवून त्यांच्यापुढं पेन धरला. "हुकूम तुमचाच हाय. खाली सही करा." सरपंचांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. सनई वाजतच होती.