बुटाची नाडी

शाळा सुटली की बालवर्गाच्या मदतनीस मावशी एका मुलीच्या बुटाची नाडी बांधायला बसायच्या आणि ते काम काही केल्या संपायचं नाही. फाटकाशी मोटारसायकलवर बसलेला तिचा काका हॉर्न वाजवून वाजवून वैतागायचा आणि निघून जायचा. मग अर्ध्या तासाने तिची आई कामावरून धापा टाकत यायची. तोवर वर्गाच्या बाई आपल्या ताटकळलेल्या.

शेवटी बाईंनी मुख्याध्यापिकांच्या खोलीत सोक्षमोक्ष लावला.

"नाडीला कुणाला अर्धा तास लागतो का? मुद्दाम करतात या!"

"मावशी, तुमचं काय म्हणणं?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

मावशींनी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. "सारखी सुटते हो ती," एवढंच म्हणाल्या.

"बरं, उद्यापासून नाडी बाई बांधतील. तुम्ही वर्ग झाडायला घ्या. मिटलं भांडण!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी अर्ध्या मिनिटात नाडी बांधली, वर दुहेरी गाठ मारली. "आता सुटतेय कशाला!" म्हणत त्यांनी मुलीच्या पाठीवर दप्तर अडकवलं आणि ऐटीत मावशींकडे पाहिलं. मावशींच्या हातातला झाडू जागच्या जागी थांबला होता.

फाटकाशी हॉर्न वाजला.

बाईंनी वळून पाहिलं. मुलगी दप्तरासकट फरशीवर बसली होती. गाठ बोटांनी सुटेना, म्हणून पाय तोंडाशी ओढून ती दातांनी सोडत होती.