कोटाचं फिटिंग

नणंद-भावजय स्वतःच्या हिमतीवर पुरुषांच्या कपड्यांचं मासिक काढायच्या. नणंद लिहायची, भावजय फोटो काढायची. मुखपृष्ठासाठी एक नावाजलेला टेलर स्वतः शिवलेला कोट घालून आला आणि आल्या आल्या म्हणाला, "फोटोग्राफर साहेब कुठायत?"

"मीच," भावजय म्हणाली.

"बायकांना कोटातलं काय कळणार? इस्त्री करता तेवढंच."

कोट कमरेत चांगलाच ढगळ होता. मागून सात चिमटे लावून भावजयीनं तो आवळला.

आरशात बघून त्याची छाती फुगली. "याला म्हणतात फिटिंग. यात आपला हात कुणी धरणार नाही." तो आरशापुढून हलेना. तिनं मागूनच कॅमेरा उचलला.



मुखपृष्ठावर त्याची पाठ छापून आली, सातही चिमट्यांसकट.