वीतभर

"आणखी एक चढला," विल्मान गाडीखालून म्हणाला. "हा जड आहे."

नुबियाने मान वर केली. खरंच, कुशीवर पडलेल्या ट्रकवर फाउस्तिनो खाटीक चढला होता आणि तेलाचे डबे खाली बायकोच्या हातात देत होता. तो पाय हलवी तशी हौद्याची कड विल्मानच्या पोटावर आणखी दाबली जाई. विल्मान त्या ट्रकचा ड्रायव्हर. ट्रक रस्त्याकडेच्या चरात कोसळला तेव्हा तो दारातून बाहेर फेकला गेला आणि कमरेपासून खाली हौद्याखाली अडकला. वर कोण चढलं, कोण उतरलं, हे त्याला बघावं लागत नव्हतं.

नुबिया पाल्मारितो गावातल्या शाळेत तिसरीच्या वर्गाची बाई. शाळा सुटली की गावच्या अग्निशमन दलात, बिनपगारी. दल म्हणजे एक जुनी पिकअप, एक शिडी, एक स्ट्रेचर, एक ऑक्सिजनचं नळकांडं, एक जॅक आणि तिच्यासारखाच बिनपगारी एलिएसेर. त्यातला जॅक चरातल्या चिखलात गळ्यापर्यंत रुतून बसला होता. शहरातून क्रेन यायला दोन तास लागणार होते. विल्मानचे ओठ आत्ताच पांढरे पडले होते, दोन तास तो काही काढत नव्हता.

पण ट्रक लहान होता आणि गावाने तो अर्ध्या तासात अर्धाअधिक रिकामा केला होता. तीस-चाळीस जणांनी एका बाजूने जोर लावला असता तर वीतभर सहज उचलला गेला असता. आणि माणसांना काय तोटा होता? गाढवं घेऊन आली होती, हातगाड्या घेऊन आली होती, मोटारसायकलवर तिघं तिघं बसून आली होती. आंघोळीचा साबण, तेल, सार्डिन मासळीचे डबे, जे हाताला लागेल ते चाललं होतं.

नुबियाने एकेकाला नावाने हाक मारली. त्यातले निम्मे तिच्याकडेच पाढे शिकलेले. फाउस्तिनो म्हणाला, हो बाई, एवढं एक खोकं झालं की आलोच. दुसऱ्याचे हात भरलेले होते, ते त्याने तिला दाखवलेसुद्धा. तिसऱ्याने वर शहाणपणा शिकवला, की जखमी माणसाला हलवायचं नसतं, टीव्हीवर सांगतात. नाक्यावरचा हवालदार आला तेव्हा तिला जरा धीर आला. ती धावत त्याच्याकडे गेली. त्याने हेल्मेट काढलं, चहूकडे पाहिलं, काय दिवस आलेत म्हणून हळहळला आणि हेल्मेटात साबणाच्या वड्या भरायला लागला.

नुबियाने नाक बाहीत दाबलं. रक्ताने नव्हे, रक्त तिने पुष्कळ पाहिलं होतं. त्या गुलाबी साबणाच्या वासाने. सगळा चर त्या वासाने भरला होता, तेलावरून पाय घसरून लोक पडत होते आणि खिदळत होते. शी! आणि ही माणसं वाईट म्हणावीत तर तसंही नाही. तिची आई गेली तेव्हा नऊ दिवस यांनीच घरात कॉफी उकळली, खुर्च्या आणल्या, रात्र रात्र जागून प्रार्थना म्हटल्या. त्यामुळे तर तिला जास्तच किळस आली.

"बाई, त्यांना सांगा, तेल सगळं घेऊन जा," विल्मान म्हणाला. "फक्त वर चढू नका."

त्यानंतर तो बोलायचा थांबला.

नुबिया उठली. ओरडून काही होत नव्हतं, अर्धा तास तेच तर केलं होतं. बेत्साबेबाई रस्त्यावर झोळी पसरून डबे बांधत होती. बेत्साबेच्या तोंडात तीळ भिजत नसे, हे अख्ख्या गावाला ठाऊक. नुबिया तिच्याजवळ जाऊन बसली आणि अगदी हळू म्हणाली,

"कुणाला सांगू नका. खालच्या बाजूला फोनची खोकी दबली आहेत. गाडी वीतभर उचलली तर हात जाईल."

"नवे?"

"नवे. पॅकबंद."

नुबिया चरात परत पोहोचेपर्यंत फाउस्तिनो आपणहून खाली उडी मारून उभा होता. तेल रस्त्यावर राहिलं, साबण चिखलात गेला. चाळीस-पन्नास माणसं खांद्याला खांदा लावून ट्रकला भिडली. हवालदाराने हेल्मेट बाजूला ठेवलं आणि बाह्या सावरल्या. कुणी कुठे उभं राहायचं हे सांगावंसुद्धा लागलं नाही. एलिएसेर लाकडी ठोकळे घेऊन गुडघ्यावर बसला. वर्गात मोजावेत तसे नुबियाने तीन आकडे मोजले.

ट्रक करकरला आणि उठला. वीतभर, मग दोन वीत. एलिएसेरने ठोकळे सारले. नुबियाने विल्मानला काखांखाली धरून मागे ओढलं. तो किंचाळला. ती किंचाळी ऐकून तिला रडूच आलं, म्हणजे जीव होता.

दोघांनी त्याला स्ट्रेचरवर बांधून पिकअपमध्ये चढवलं. त्याने तिची बाही धरली.

"आले ना शेवटी सगळे?" तो पुटपुटला. "देव भलं करो त्यांचं."

"आले," नुबिया म्हणाली आणि त्याच्या तोंडावर ऑक्सिजन लावला.

चरात आता लोक पालथे पडून ट्रकखाली हात घालत होते, कोपरापर्यंत चिखल चाचपत होते. तेवढ्यात उशिरा खबर लागलेला एक जण गाढव हाकत धापा टाकत आला. काय सापडलं, काय सापडलं, म्हणून विचारायला लागला.

फाउस्तिनो उठला. त्याने गुडघ्यांवरचा चिखल झटकला.

"काही नाही रे," तो म्हणाला. "नुसता माणूस होता."