कुरामोतोंचा हात

बेसबॉलच्या सामन्याचा पाचवा डाव संपला. तीन धावांनी मागे पडलेला संघ मैदानातून आत आला आणि ओनोदेरानं सवयीनं दात आवळले. तोंडावरची जाळी काढून तो बाकामागच्या अरुंद बोळात भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आता मॅनेजर कुरामोतो येणार आणि खाडकन वाजवणार.

चूक चेंडू फेकणाऱ्या पिचरची असो नाहीतर फलंदाजाची, मार फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचर ओनोदेरानं खायचा, हा या संघाचा शिरस्ता होता. पिचर म्हणजे नाजूक जात. त्याला हात लावला तर आठवडाभर रुसून बसतो. ओनोदेरा मात्र दगड. त्याच्या थोबाडीत बसल्याचा आवाज बाकापर्यंत गेला की बाकीचे असे चवताळून खेळत की समोरच्यांची दाणादाण उडे. तीन विजेतेपदं आपल्या गालानं आणली, असं तो मनाशी म्हणे. त्याला याची लाज नव्हती, चांगला अभिमान होता.

कुरामोतो आले आणि त्याच्यासमोरून तसेच पुढे गेले. कोपऱ्यात राखीव कॅचर मिझुगुची पाणी पीत होता. तो अजून मैदानात उतरलाही नव्हता. कुरामोतोंनी त्याची गचांडी धरली, त्याला भिंतीवर आपटलं आणि दोन ठेवून दिल्या. त्याचा ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं.

"बाकावर झोपा काढायला येतोस काय रे, रताळ्या? चढव जाळी! आता तू बसायचंस कॅचरला."

मग सहाव्या डावात संघ असा पेटला की चार धावा निघाल्या.

ओनोदेरानं कुरामोतोंना बोळातच गाठलं. "साहेब, माझं काय चुकलं? मला का नाही मारलंत?"

"तुला मारलं की हल्ली पोरांना कीव येते, ओनो. मला त्यांच्या पोटात आग हवी." कुरामोतोंनी मनगट चोळलं. "आणि माझाही हात आता चालत नाही. पुढच्या हंगामात कोच म्हणून राहतोस, की शिकोकू बेटावर जाऊन उदोन शेवयांचं दुकान टाकतोस?"

ओनोदेराला या मैदानाबाहेर काहीच येत नव्हतं.

"राहतो, साहेब."

"मग पुढची तू वाजवायचीस."

आठव्या डावात मिझुगुचीच्या हातून चेंडू निसटला आणि समोरच्यांनी बरोबरी साधली. संघ माना खाली घालून आत आला. मिझुगुची मुकाट्यानं बोळात जाऊन उभा राहिला. कुरामोतो जागचे हलले नाहीत. त्यांनी फक्त ओनोदेराकडे पाहिलं.

ओनोदेरा बोळात शिरला. त्याला बघताच मिझुगुचीच्या जिवात जीव आला.

"बरं झालं दादा, तुम्ही आलात. मला वाटलं, म्हातारा आला. दात हलवलाय हो त्यानं माझा. बघा ना जरा." आणि त्यानं सुजलेला गाल पुढे केला.

आवाज बाकापर्यंत आला. कुरामोतोंच्या हाताला असा आवाज कधीच नव्हता. टोप्या घट्ट करत सगळे ताडकन उभे राहिले.